विद्यापीठीय गणिताच्या मोफत नोट्स: शोधायच्या कुठे, पारखायच्या कशा, वाचायच्या कशा

रिअल अ‍ॅनालिसिसच्या चांगल्या, पूर्ण आणि मोफत नोट्स आज डझनभर तरी सापडतात. बहुतेक विद्यार्थ्यांकडे त्यातल्या आठ-दहा एकाच वेळी असतात: फोनमध्ये, टेलिग्रामच्या ग्रुपवर, पेनड्राइव्हमध्ये. प्रत्येकीची पहिली वीस पाने वाचलेली. त्यामुळे सुरुवातीच्या पानांतला सुप्रीमम आठ वेळा वाचून झालेला असतो आणि बऱ्याच पुढे येणाऱ्या युनिफॉर्म कन्व्हर्जन्सपर्यंत एकदाही पोहोचलेले नसते.

हा लेख एफवाय बीएस्सीपासून एमएस्सीपर्यंत गणित शिकणाऱ्यांसाठी आहे. जॅम (एमएस्सी प्रवेश), नेट आणि सेट (प्राध्यापकपदाची पात्रता) या परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी आहे. आणि नोकरी सांभाळून पुन्हा गणिताकडे वळलेल्यांसाठीही. माझे म्हणणे थोडक्यात असे: एका विषयाला एकच नोट्स-संच धरायचा, तो पारखून घ्यायचा आणि वही-पेन घेऊन शेवटच्या पानापर्यंत न्यायचा. बाकीचे संच अडल्यावर उघडायचे.

पहिली पायरी: आधी स्वतःचा अभ्यासक्रम

शोध सुरू करण्याआधी आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून चालू अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पेपरांची नावे आणि सत्रे बरीच बदलली आहेत, तेव्हा मागच्या बॅचच्या मुलांनी दिलेली यादी चालणार नाही. त्यातला एकेक घटक वहीच्या डाव्या बाजूला उतरवा. उजवी बाजू कोरी ठेवा. निवडलेल्या नोट्समधले प्रकरण आणि पान तिथे येईल. अर्ध्या तासाचे काम आहे, पण त्यानंतरचा शोध नेमका होतो.

आता नावांचा घोळ. आपल्याकडचे आणि परदेशातले विषय नावाने जुळतीलच असे नाही. अमेरिकेत ‘कॉलेज अल्जिब्रा’ म्हणजे आपल्या अकरावीच्या आसपासचे बीजगणित. ग्रुप, रिंग, फील्ड हवे असतील तर ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा’ किंवा ‘मॉडर्न अल्जिब्रा’ शोधावे लागते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड कॅल्क्युलस’ या नावाखाली कधी अनेक चलांचे कॅल्क्युलस असते, तर कधी चक्क रिअल अ‍ॅनालिसिस. केंब्रिजमध्ये वर्षांना वन-ए, वन-बी, टू आणि थ्री अशी नावे आहेत: पहिली तीन पदवीची, चौथे मास्टर्सच्या पातळीचे. आपल्या टीवायचा ग्रुप-रिंगचा भाग तिथे दुसऱ्या वर्षाच्या ‘ग्रुप्स, रिंग्ज अँड मॉड्यूल्स’मध्ये सापडतो.

सरावाच्या प्रश्नांनाही प्रत्येक ठिकाणी वेगळे नाव. अमेरिकेत ‘प्रॉब्लेम सेट’, ऑक्सफर्डला ‘प्रॉब्लेम शीट’, केंब्रिजला ‘एक्झॅम्पल शीट’, आपल्या आयआयटींमध्ये ‘ट्युटोरियल शीट’. रोमन लिपीत विषयाचे नाव आणि त्यापुढे यातला एक शब्द टाकून शोधले की नुसत्या ‘नोट्स’ शोधण्यापेक्षा कितीतरी चांगले हाती लागते, कारण जिथे प्रश्नपत्रक आहे तिथे खरोखर शिकवलेला कोर्स असतो. फक्त भारतीय संस्थांची पाने हवी असतील तर शोधखिडकीत साइट, कोलन आणि एसी डॉट इन हे रोमनमध्ये, मध्ये जागा न सोडता लिहा. फक्त पीडीएफ हव्या असतील तर फाइलटाइप, कोलन, पीडीएफ.

दुसरी पायरी: कुठे पाहायचे

इथे थोडे रेंगाळू, कारण ठिकाणे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची प्रकृती वेगळी आहे.

एफवायला गणित करता येत नाही, म्हणजे लिमिट काढणे, इंटिग्रेशनच्या युक्त्या, साधी डिफरन्शियल इक्वेशन्स यात हात बसलेला नाही, अशी अडचण असेल तर टेक्सासमधल्या लमार विद्यापीठाच्या पॉल डॉकिन्स यांच्या नोट्स घ्या. ‘पॉल्स ऑनलाइन नोट्स’ म्हणून त्या जगभर ओळखल्या जातात. कॅल्क्युलसचे तीन भाग आणि डिफरन्शियल इक्वेशन्स, सोडवलेली उदाहरणे भरपूर, सरावाच्या प्रश्नांची पायऱ्यांसह उत्तरे. सिद्धतेवर त्यांचा भर नाही, त्यामुळे अ‍ॅनालिसिसच्या पेपरला त्या पुरणार नाहीत. हात बसवायला मात्र याहून सोपी जागा मला माहीत नाही.

एमआयटीने आपले अभ्यासक्रम सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. ओपनकोर्सवेअर या नावाने आज तिथे गणिताचे अभ्यासक्रम क्रमांकांनी लावलेले आहेत: १८.०१ आणि १८.०२ कॅल्क्युलस, १८.०३ डिफरन्शियल इक्वेशन्स, १८.०६ गिल्बर्ट स्ट्रँग यांचे लिनियर अल्जिब्रा, १८.१०० या क्रमांकाने सुरू होणारे रिअल अ‍ॅनालिसिस. स्ट्रँग यांचा कोर्स व्हिडिओमुळे गाजला, पण मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या सोबतच्या जुन्या परीक्षा आणि त्यांची उत्तरे. क्रमांकापुढे ‘एससी’ अशी अक्षरे असलेली आवृत्ती मुद्दाम स्वतः शिकणाऱ्यांसाठी मांडलेली आहे. दोन्ही दिसत असतील तर तीच घ्या.

रिअल अ‍ॅनालिसिससाठी पहिली शिफारस यिर्झी लेबल यांच्या ‘बेसिक अ‍ॅनालिसिस’ची. इलिनॉय विद्यापीठात शिकवताना काढलेल्या नोट्स वाढत वाढत हे पुस्तक झाले, आणि लेखकाने ते अजून मोफत ठेवले आहे. भाषा सरळ आहे, प्रकरणे लहान आहेत. उणीव एकच, बहुतेक प्रश्नांची उत्तरे दिलेली नाहीत. उत्तरांशिवाय धीर सुटत असेल तर विल्यम ट्रेंच यांचे मोफत पुस्तक पाहा. त्यात निवडक प्रश्नांची उत्तरे मागे आहेत, फक्त लेखन जास्त दाट आहे.

लिनियर अल्जिब्राला तीन वाटा आहेत आणि तिन्ही वेगळ्या गावाला जातात. स्ट्रँग मॅट्रिक्सपासून निघतात. जिम हेफरन यांचे मोफत पुस्तक समीकरणे सोडवण्यापासून निघून व्हेक्टर स्पेसपर्यंत हळूहळू नेते आणि त्यातल्या सगळ्या प्रश्नांची पूर्ण उत्तरे वेगळ्या फाइलमध्ये मिळतात. एकट्याने शिकणाऱ्यासाठी माझ्या मते हाच पहिला पर्याय. शेल्डन अ‍ॅक्सलर यांच्या पुस्तकाची चौथी आवृत्ती आता मोफत आहे, पण त्यात डिटर्मिनंट अगदी शेवटी येतो. तुमच्या परीक्षेत तीन बाय तीनचा मॅट्रिक्स देऊन आयगेनव्हॅल्यू काढायला सांगत असतील तर फक्त अ‍ॅक्सलर वाचून जाऊ नका. उलट नेट किंवा टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) परीक्षेसारखे संकल्पनेवरचे प्रश्न असतील तर हेफरननंतर अ‍ॅक्सलर हा क्रम उत्तम.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जिब्रासाठी थॉमस जडसन यांचे पुस्तक पदवीच्या पातळीचे. जे. एस. मिल्न यांच्या ‘ग्रुप थिअरी’ आणि ‘फील्ड्स अँड गाल्वा थिअरी’ या नोट्स एमएस्सीच्या. त्या भरभर चालतात, एका ओळीत तीन गोष्टी सांगून पुढे जातात. आणि अडल्यावर उघडण्यासाठी कनेक्टिकट विद्यापीठाचे कीथ कॉनराड. त्यांनी शेकडो छोटी टिपणे लिहिली आहेत, एकेका मुद्द्यावर एकेक. लाग्रांजच्या प्रमेयाचा (सबग्रुपची घटकसंख्या ग्रुपच्या घटकसंख्येला भागते) व्यत्यास खरा नाही, हे दाखवायला सगळे पुस्तकवाले ए-४ हा १२ घटकांचा ग्रुप देतात आणि त्याला ६ घटकांचा सबग्रुप नाही असे सांगून मोकळे होतात. कॉनराड यांनी या एका गोष्टीच्या अनेक वेगवेगळ्या सिद्धता एकत्र करून ठेवल्या आहेत. एवढे एक टिपण नीट वाचले तरी कोसेट, नॉर्मल सबग्रुप, कॉन्जुगसी यांची चांगली उजळणी होते. पण ही टिपणे म्हणजे कोर्स नव्हे. त्यांचा क्रम लावत बसू नका.

इतर विषय भराभर सांगतो. टोपॉलॉजीला सिडनी मॉरिस यांचे ‘टोपॉलॉजी विदाउट टिअर्स’, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसला बेक आणि त्यांच्या सहलेखकांचे छोटेसे मोफत पुस्तक, वक्र आणि पृष्ठभागांच्या डिफरन्शियल जॉमेट्रीला थिओडोर शिफ्रिन यांच्या नोट्स, अल्जिब्राइक टोपॉलॉजीला अ‍ॅलन हॅचर. हॅचर यांचे पुस्तक केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने २००२ मध्ये छापले, तरी लेखकाच्या पानावर ते पूर्ण मोफत आहे. सिद्धता लिहायचीच भीती वाटते, ‘फॉर एव्हरी’ आणि ‘देअर एक्झिस्ट्स’ कुठे लागतात हेच कळत नाही, अशी अवस्था असेल तर या सगळ्याच्या आधी रिचर्ड हॅमक यांचे ‘बुक ऑफ प्रूफ’ करा. विषम क्रमांकांच्या प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. मराठी माध्यमातून बारावी झालेल्यांना त्याचा आणखी एक फायदा: गणिती इंग्रजीची ठरावीक वाक्ये इथेच अंगवळणी पडतात आणि पुढच्या पुस्तकांत भाषा आडवी येत नाही.

केंब्रिजला शिकलेल्या डेक्स्टर चुआ यांनी तिथल्या व्याख्यानांच्या टाइप करून ठेवलेल्या नोट्स आपल्याकडच्या मुलांत फार लोकप्रिय आहेत. त्या सुंदर आहेत, तरी काय घेताय ते ओळखून घ्या. विद्यार्थ्याने वर्गात घेतलेल्या या नोट्स आहेत. केंब्रिजचे सत्र आठ आठवड्यांचे असल्याने मजकूर घट्ट आहे, आणि सरावाचे प्रश्न त्यात नाहीत. ते तिथल्या गणित विभागाच्या संकेतस्थळावर एक्झॅम्पल शीट म्हणून वेगळे ठेवलेले असतात. दोन्ही एकत्र घेतले तरच उपयोग. ऑक्सफर्डच्या गणित विभागाच्या नोट्स आणि प्रॉब्लेम शीट मात्र एकाच पानावर सापडतात.

आता आपल्या घरचे. इग्नूचे अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोशावर मोफत आहे. बीएस्सीच्या जुन्या एमटीई मालिकेतले कॅल्क्युलस, लिनियर अल्जिब्रा, अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा, रिअल अ‍ॅनालिसिस हे संच दूरशिक्षणासाठीच लिहिलेले असल्यामुळे मध्ये मध्ये प्रश्न विचारत जातात आणि उत्तरे घटकाच्या शेवटी देतात. दिसायला साधे आहेत म्हणून मुले ओलांडून जातात, पण आपल्या विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांशी यांच्याइतके जुळणारे परदेशी काही नाही. एमएस्सीसाठी यूजीसीच्या ई-पीजी पाठशालेत घटकवार मजकूर आहे. तो लिहिणारे प्रत्येक ठिकाणी वेगळे असल्याने दर्जा वरखाली होतो, म्हणून प्रत्येक घटक वेगळा पारखावा लागतो.

आयआयटी आणि आयआयएस्सीच्या एनपीटेलवर गणिताचे व्हिडिओ भरपूर आहेत. आयआयटी मुंबईच्या इंदर राणा यांचा मेझर अँड इंटिग्रेशनवरचा, आयआयटी मद्रासच्या एस. एच. कुलकर्णी यांचा रिअल अ‍ॅनालिसिसवरचा, असे कोर्स नावाजलेले आहेत. पण व्हिडिओखाली मिळणारी ट्रान्सक्रिप्टची पीडीएफ म्हणजे नोट्स नव्हेत. बोललेले जसेच्या तसे उतरवल्यामुळे ‘हा याच्यापेक्षा लहान, म्हणून इथून हे मिळाले’ अशी वाक्ये कागदावर येतात. फळ्यावर बोट कुठे होते ते वाचणाऱ्याला कसे कळणार? व्हिडिओ बघत स्वतः नोट्स काढा, ट्रान्सक्रिप्ट छापू नका.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा खजिना तर मुंबईतल्याही अनेक विद्यार्थ्यांना माहीत नसतो. १९५० च्या दशकापासून जगभरचे गणिती तिथे येऊन व्याख्याने देत आणि संस्थेतले तरुण त्यांच्या नोट्स लिहून काढत. कार्ल लुडविग सीगल यांच्या क्वाड्रॅटिक फॉर्म्सवरील व्याख्यानांच्या नोट्स के. जी. रामनाथन यांनी घेतल्या, तर लॉरां श्वार्त्झ यांच्या कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिटिक मॅनिफोल्ड्सवरच्या व्याख्यानांच्या नोट्स एम. एस. नरसिंहन यांनी. ही सगळी मालिका संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत आहे. बीएस्सीसाठी ती नव्हे. एमएस्सी झाल्यावर पीएचडीकडे वळणाऱ्यांनी मात्र तिची यादी एकदा तरी चाळावी.

एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या एमटीटीएस या उन्हाळी प्रशिक्षणाच्या संकेतस्थळावर त्यांचे विवेचक लेख आहेत. सिद्धता कशी सुचते हे ते प्रश्न विचारत विचारत उलगडतात. एखादे प्रमेय पाठ आहे पण पटलेले नाही, असे वाटले की तिथे जा.

तिसरी पायरी: दहा मिनिटांत पारख

नोट्स चांगल्या की वाईट हे पहिल्या पानावरून कळत नाही. तुम्हाला आधीपासून येणारे एक प्रमेय निवडा आणि त्या नोट्समध्ये ते कसे लिहिले आहे ते पाहा.

कॅल्क्युलस किंवा अ‍ॅनालिसिसच्या नोट्ससाठी मी चेन रूल उघडतो. फसवी सिद्धता सगळीकडे आढळते: फलनातल्या फलनाचा फरक घ्यायचा, त्याला आतल्या फलनाच्या फरकाने गुणायचे आणि भागायचे, आणि दोन लिमिट वेगळ्या करायच्या. दिसायला छान. पण आतल्या फलनाचा फरक शून्य झाला तर? आतले फलन क्ष² गुणिले साइन (१/क्ष) असे घ्या आणि शून्यापाशी किंमत शून्य ठेवा. शून्याच्या कितीही जवळ गेलात तरी असे अनंत बिंदू सापडतात जिथे हा फरक शून्य आहे, म्हणजे भागाकारच चुकीचा. चांगल्या नोट्स एक तर ही अडचण टाळणारी सिद्धता देतात, नाही तर ‘ही पूर्ण सिद्धता नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतात. जिथे अडचणीचा उल्लेखच नाही, तिथल्या बाकीच्या सिद्धतांवरही मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही.

दुसरी चाचणी मीन व्हॅल्यू थिअरमची. बंद अंतरालावर कंटिन्युअस आणि खुल्या अंतरालावर डिफरन्शिएबल अशा दोन वेगळ्या अटी नोंदल्या आहेत का? की ‘डिफरन्शिएबल फलन घ्या’ म्हणून उरकले आहे? पहिल्या प्रकारचा लेखक काटेकोर असतो.

मग प्रश्न पाहा. प्रकरणाच्या शेवटी प्रश्नच नसतील तर त्या नोट्स दुय्यम, कितीही देखण्या असोत. प्रश्न आहेत पण सगळे ‘काढा, मोजा’ छापाचे असतील तर सिद्धतेच्या पेपरला उपयोग नाही. शेवटी तारीख किंवा आवृत्ती क्रमांक पाहा. वर्षानुवर्षे दुरुस्त होत आलेल्या नोट्समध्ये चुका कमी राहतात. मिल्न आणि लेबल दोघेही आवृत्तीचा क्रमांक पहिल्या पानांतच देतात.

टेलिग्रामवर फिरणारी, पहिले पान फाडलेली, लेखकाचे नाव नसलेली स्कॅन केलेली वही या चाचणीला बसवूसुद्धा नका. ती चुकीची असेलच असे नाही, पण चूक निघाली तर विचारायचे कोणाला?

चौथी पायरी: व्याख्या जुळवून घेणे

या पायरीवर गुण जातात आणि कोणी सांगत नाही. दोन चांगल्या पुस्तकांतल्या व्याख्या वेगळ्या असू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. जडसन रिंगमध्ये गुणाकाराचा १ असलाच पाहिजे अशी अट घालत नाहीत, मिल्न घालतात. त्यामुळे सम पूर्णांकांचा संच जडसन यांच्याकडे रिंग ठरतो, मिल्न यांच्याकडे ठरत नाही. ‘प्रत्येक आयडियल हा सबरिंग असतो का?’ या एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर इथेच फिरते.

अशा जागा ठरलेल्या आहेत. नैसर्गिक संख्या ० पासून की १ पासून? ‘इन्क्रीझिंग’ म्हणजे काटेकोर वाढते की समान राहिले तरी चालते? रीमान इंटिग्रल वरच्या-खालच्या बेरजांनी की टॅग केलेल्या पार्टिशनने? कॉम्पॅक्ट म्हणजे ओपन कव्हर की सबसिक्वेन्स? इनर प्रॉडक्ट पहिल्या जागी लिनियर की दुसऱ्या? वहीचे शेवटचे पान यासाठी राखून ठेवा: डावीकडे तुमच्या विद्यापीठाची किंवा परीक्षेची व्याख्या, उजवीकडे नोट्समधली. दोन्ही समतुल्य असतील तर तसे सिद्ध करायचा प्रयत्न करा. मेट्रिक स्पेसमध्ये कॉम्पॅक्टच्या दोन व्याख्या एकच आहेत हे प्रमेय बहुतेक अभ्यासक्रमांत आहेच. समतुल्य नसतील तर परीक्षेत तुमच्या अभ्यासक्रमाची व्याख्या उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहा.

पाचवी पायरी: वाचन

गणिताच्या नोट्स तासाला दोन-तीन पाने या गतीने पुढे सरकल्या तर ती चांगली गती समजा. वीस पाने झाली असतील तर डोळे फिरले, इतकेच.

एक उदाहरण घेऊन दाखवतो. समोर प्रमेय आहे: प्रत्येक बाउंडेड आणि मोनोटोन रिअल सिक्वेन्स कन्व्हर्ज होतो. सिद्धता पाच-सहा ओळींची. आधी ती झाका आणि विधान वहीत उतरवा. विधानात किती अटी आहेत? दोन दिसतात, बाउंडेड आणि मोनोटोन. आता एकेक काढून पाहा. मोनोटोन काढले तर १, −१, १, −१ असा सिक्वेन्स बाउंडेड आहे पण कुठेच जात नाही. बाउंडेड काढले तर १, २, ३, ४. म्हणजे दोन्ही अटी लागतात.

पण तिसरी अट विधानात लपलेली आहे: ‘रिअल’. १, १.४, १.४१, १.४१४ हा २ च्या वर्गमुळाकडे जाणारा सिक्वेन्स पाहा. सगळे घटक परिमेय, वाढता आणि बाउंडेड, तरी परिमेय संख्यांच्या जगात त्याला लिमिट नाही. याचा अर्थ सिद्धतेत कुठेतरी रिअल संख्यांचा खास गुणधर्म, म्हणजे सुप्रीममचे अस्तित्व, वापरला गेलाच पाहिजे. आता सिद्धता उघडा आणि ती ओळ शोधा. सापडली की तिच्या शेजारी पेन्सिलीने खूण करा. तसेच मोनोटोन कुठे वापरले ते शोधा: एका घटकाने सुप्रीममच्या एप्सिलॉन अंतरात पाऊल टाकले की पुढचे सगळे तिथेच राहतात, ते या अटीमुळे.

मग पुस्तक मिटवून सिद्धता स्वतःच्या शब्दांत लिहा. अडलात तर फक्त अडलेली ओळ पाहा आणि पुन्हा मिटवा. दुसऱ्या दिवशी सुरुवात नव्या पानाने करू नका. कालचे विधान आणि सिद्धतेचा एका वाक्यातला गाभा आठवून लिहा. इथे तो वाक्यभराचा गाभा: ‘सुप्रीमम हेच लिमिट.’ महिन्याभरात अशी वाक्ये साठली की तोंडी परीक्षेला दुसरे काही वाचावे लागत नाही.

‘उघडच आहे’, ‘वाचकावर सोपवतो’ असे जिथे छापलेले असेल तिथे थांबा. मिल्न यांच्यासारख्या दाट नोट्समध्ये निम्मा अभ्यास अशा जागांतच असतो. दहा मिनिटांत ती ओळ भरता आली नाही तर समासात प्रश्नचिन्ह काढून पुढे जा आणि आठवड्याच्या शेवटी सगळ्या प्रश्नचिन्हांकडे परत या. बरीचशी तोवर आपोआप सुटलेली असतात. जी उरतात त्यांच्यासाठी कॉनराड, कुमरेसन, दुसरा नोट्स-संच उघडायचा.

सहावी पायरी: प्रश्न सोडवणे

प्रत्येक प्रकरणाचे सगळे प्रश्न करणे शक्य नसते. मी सुचवेन: सुरुवातीचे सोपे तीन-चार, मधले ‘सिद्ध करा’ छापाचे निम्मे, आणि शेवटच्या अवघडांपैकी एक. ‘खरे की खोटे, कारण द्या’ प्रकारचे मात्र सगळे. नेट आणि जॅमच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांची खरी तयारी तिथे होते.

समजा प्रश्न असा आहे: एका बाउंडेड सिक्वेन्सच्या कन्व्हर्ज होणाऱ्या सगळ्या सबसिक्वेन्सचे लिमिट एकच असेल, तर मूळ सिक्वेन्स कन्व्हर्ज होतो हे दाखवा. उत्तर लिहून झाले की ‘बाउंडेड’ शब्द खोडा आणि उत्तर अजून चालते का पाहा. ०, १, ०, २, ०, ३, ०, ४ या सिक्वेन्समध्ये कन्व्हर्ज होणारे सगळे सबसिक्वेन्स शून्याकडेच जातात, पण तो स्वतः कन्व्हर्ज होत नाही. तुमच्या उत्तरात बाउंडेड कुठेच वापरलेले नसेल तर उत्तर नक्की चुकले आहे. नोट्सच्या मागे उत्तरे नसतानाही स्वतःला तपासायची ही भरवशाची रीत.

उत्तरे असतील तर ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, फोनवर नको. पाहायचीच वेळ आली तर पहिली ओळ वाचून बंद करा. आणि पाहून कळलेले उत्तर त्याच दिवशी वहीत उतरवू नका. दोन-तीन दिवसांनी न पाहता लिहा. जमले नाही तर ते कळलेले नव्हते.

अडलेला प्रश्न मॅथ स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर विचारायचा असेल तर आधी तिथेच शोधा. पदवीच्या पातळीचे बहुतेक प्रश्न आधीच विचारून झालेले आहेत. नवा विचारताना तुम्ही काय केले आणि कुठल्या ओळीला अडलात ते लिहा. नुसता प्रश्न चिकटवला की तो बंद होतो. एआयकडून सिद्धता मागत असाल तर वरची खोडून पाहायची चाचणी तिलाही लावा.

साठवण, छपाई आणि हक्क

प्राध्यापकांची वैयक्तिक पाने निवृत्तीनंतर किंवा नोकरी बदलल्यावर गायब होतात. निवडलेला संच लगेच उतरवून घ्या आणि फाइलच्या नावात लेखक, विषय, आवृत्तीचे वर्ष लिहा. आवृत्ती बदलली की प्रमेयांचे क्रमांक सरकतात आणि तुमच्या वहीतले संदर्भ निरुपयोगी होतात, म्हणून सत्राच्या मध्यात नवी आवृत्ती घेऊ नका. पान गेलेच असेल तर जुना पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहा.

फोनवर सिद्धता वाचणे त्रासाचे आहे. एका ओळीचा संदर्भ मागच्या पानावर असतो. शक्य असेल तर चालू प्रकरण तेवढे छापा, पाठपोट, एका बाजूला दोन पाने. अख्खे पुस्तक स्पायरल करून घेतले की ते कपाटात जाते, असा अनुभव आहे.

मोफत म्हणजे कसेही वापरा असे नव्हे. एमआयटीच्या खुल्या साहित्याचा परवाना व्यावसायिक वापराला मनाई करतो, म्हणजे क्लासवाल्यांनी ते छापून विकू नये. हॅचर यांच्यासारख्या ठिकाणी लेखक स्वतःच्या पानावर काय अटी लिहितो ते वाचा. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये फेटाळला होता, पण तो शिकवण्यासाठी काढलेल्या कोर्स-पॅकबद्दलचा होता. त्याचा आधार घेऊन अख्ख्या पुस्तकाची पायरेटेड पीडीएफ ग्रुपवर टाकता येते असे समजू नका. वर सांगितलेल्या साहित्यातून पदवीचा जवळजवळ सगळा गणित अभ्यासक्रम पायरसीशिवाय होतो.

चूक सापडली तर

नीट वाचलेत तर चुका सापडतातच: चुकलेले चिन्ह, राहिलेली अट, कधी मोडकी सिद्धता. आधी नवी आवृत्ती आणि लेखकाच्या पानावरची शुद्धिपत्रकाची यादी पाहा. तिथे नसेल तर लेखकाला कळवा. परदेशी प्राध्यापकाला लिहायचे म्हणून संकोचू नका. मोफत नोट्स ठेवणारे बहुतेक जण अशा पत्रांची वाट पाहतात आणि कितीतरी जण प्रस्तावनेत कळवणाऱ्यांची नावेही देतात. विषयाच्या ओळीत नोट्सचे नाव आणि ‘एरर’ किंवा ‘टायपो’. मजकुरात आवृत्ती, पान, प्रमेय क्रमांक, काय छापले आहे आणि तुमच्या मते काय हवे. अट राहिली असेल तर प्रमेय मोडणारे एक उदाहरण जोडा. खाली नाव आणि कॉलेज. सगळे मिळून सहा-सात ओळी. वहीच्या पानाचा फोटो जोडू नका, टाइप करा.